मेलेला नियम परत येतो तेव्हा

मंडळी, हा वीकांत सांगलीत घरी भडंग खात लोळत काढायचा बेत होता. पण शुक्रवारी एक रिपोर्ट हातात पडला आणि डोकं फिरलं. तेव्हा आज थोडं तांत्रिक आणि बरंचसं भांडकुदळ लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

प्रकरण असं. एक पतसंस्था आहे (नाव सांगणार नाही, विचारू नका). मुख्य कार्यालय सांगलीत, एक मोठी शाखा साताऱ्यात. सांगलीच्या हापिसात एक जुनी लिनक्स पेटी आहे, तीच त्यांची फायरवॉल. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला आत सोडायचं की हाकलायचं याचे नियम तिच्यात. चाचणीसाठी एका व्हेंडरला डेटाबेसचं पोर्ट उघडून दिलं होतं. काम संपल्यावर ते बंद करायची जबाबदारी साताऱ्याच्या एका कंत्राटी पोराची. पोरगं नुकतंच डिप्लोमा करून लागलेलं. त्याने साताऱ्यातून लॉगिन केलं, तो नियम काढला, नियमांची यादी पुन्हा छापून बघितली, ती मेलवर पाठवली आणि जेवायला गेला.

तीन आठवड्यांनी ऑडिटवाले आले, तर पोर्ट उघडंच! पोराचं कंत्राट वाढवलं नाही. रिपोर्टात कारण काय, तर 'मानवी चूक'.

मला बोलावलं ते नंतर, पेटी बदलायची म्हणून. मी सहज लॉग चाळत बसलो. पोराने कमांड दिली ती ११ वाजून ४० मिनिटं ३ सेकंदांनी. त्याच पेटीवर दर पाच मिनिटांनी एक स्क्रिप्ट पळते. ती काय करते? चालू नियम एका फाइलमध्ये उतरवून घेते, मग महाजालावरून उपद्रवी पत्त्यांची यादी आणते, ते पत्ते फाइलमध्ये जोडते आणि अख्खी फाइल परत फायरवॉलवर चढवते. ११:४० ला तिने नियम उतरवले, ११:४०:०९ ला चढवले. मधल्या नऊ सेकंदांत पोराने नियम काढला होता. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये तो होताच. तिने तो इमानेइतबारे परत बसवला. पोराचं काम सहा सेकंद टिकलं.

यावर तिथल्या सीनियर साहेबांचं उत्तर ऐका: "अहो, असा योग लाखात एकदा येतो. चालतंय की!"

नाही साहेब, चालत नाही. माझं सगळं भांडण या एका 'चालतंय की'शी आहे. आपल्या धंद्यात सगळे जण ही फट किती सेकंदांची हे मोजत बसतात. नऊ सेकंदांची आहे? मग यादी आधी आणू, तीन सेकंदांवर येईल. तीनची आहे? मशीन जलद घेऊ. अरे, फट सेकंदांची असली तरी नुकसान सेकंदांचं नसतं! शिळी प्रत एकदा मूळ दप्तरावर चढली की तीच खरी प्रत होते. पाच मिनिटांनी स्क्रिप्ट पुन्हा पळते, पुन्हा तेच नियम उतरवते, पुन्हा तेच चढवते. मेलेला नियम आता अमर. आणि कुठेही एरर नाही. स्क्रिप्ट म्हणते मी यशस्वी, पोरगं म्हणतं मी यशस्वी, आणि दोघंही खरं बोलतायत.

ज्यांना हे फार संगणकी वाटतंय त्यांच्यासाठी सातबारा. आमचे आजोबा तासगावकडचे, द्राक्षबागवाले. घरात सातबाऱ्याचे जुने उतारे कपाटभर. पण कर्ज काढायचं तर बँक जुना उतारा घेत नाही, ताजा आण म्हणते. कारण सरळ आहे. मधल्या काळात काही घडलं असेल तर ते आधी फेरफार नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो, नोटीस निघते, नोंद मंजूर झाली की सातबारा बदलतो. उताऱ्यावर वर्तुळात फेरफाराचे नंबर असतात ते उगाच नाही. महसूल खात्याला कितीही नावं ठेवा (मीही ठेवतो, तलाठी कार्यालयात अर्धं आयुष्य गेलंय), पण तुमच्या कपाटातला जुना उतारा घेऊन तलाठी तो आपल्या दप्तरात चिकटवत नाही. आपली स्क्रिप्ट नेमकं तेच करते, दर पाच मिनिटांनी!

आता कोणी म्हणेल, आयपीटेबल्सला कुलूप आहे की. आहे. २०१३ मध्ये आलं. त्याआधी दोन जणांनी एकदम नियम बदलले तर कर्नल फक्त एवढंच बघायचं की तू वाचलेस तेव्हा जितके नियम होते तितकेच आत्ता आहेत ना? संख्या जुळली नाही तर 'नंतर ये'. जुळली तर चढव. म्हणजे कोणी एक नियम काढून त्या जागी दुसरा घातला तर संख्या तीच, आणि त्याचा बदल गुपचूप गडप. पानं मोजायची, मजकूर वाचायचा नाही. आमच्या कॉलेजात जर्नल असंच तपासायचे :-)

पण कुलूप आलं तरी ते एका कमांडपुरतं असतं. उतरवताना ते लागतच नाही. चढवताना लावलं, काढलं. मधले नऊ सेकंद दार सताड उघडं. परत आल्यावर कुलूप, मध्ये गावभर फिरताना नाही, असला प्रकार.

एनएफटेबल्सवाल्यांनी हे नीट विचार करून बांधलंय. जानेवारी २०१४ च्या ३.१३ कर्नलपासून ते आहे. तिथे अख्ख्या नियमसंचाला पिढीचा क्रमांक असतो, प्रत्येक बदलाला तो एकने वाढतो. बदल गठ्ठ्याने जातात, एक तर सगळे लागू होतात नाहीतर एकही नाही. एनएफटी ही कमांड नियमांची प्रत आपल्याजवळ वाचून घेते. वाचता वाचता क्रमांक बदलला तर ती प्रत फेकून पुन्हा वाचते. म्हणजे फेरफार क्रमांकच की हा! गंमत म्हणजे त्यामुळे प्रत ठेवणं हा गुन्हा राहत नाही. कॅश वाईट नसते, बिनतारखेची कॅश वाईट असते.

म्हणून नवी पेटी आली की सुटलो, असं मात्र समजू नका. स्क्रिप्ट तशीच राहिली, म्हणजे नियम फाइलमध्ये उतरव, सगळं पुसून टाक आणि फाइल चढव, तर एनएफटेबल्सही काही करू शकत नाही. तो पिढीचा क्रमांक तुमच्या फाइलमध्ये उतरत नाही. उपाय कंटाळवाणा आहे. उपद्रवी पत्त्यांसाठी वेगळा संच ठेवा, स्क्रिप्टने फक्त त्यात पत्ते घालावे-काढावेत, बाकी नियमांना हात लावायची तिला मुभाच नको. ज्याचा बांध त्याच्याकडे. आणि अख्खंच चढवायची हौस असेल तर वाचण्याआधी एक कुलूप लावा, लिहून होईपर्यंत सोडू नका, आणि माणसांनीही तेच कुलूप वापरायचं.

आणखी एक, कारण हे हमखास विसरतात. नियम काढला तरी आधीच जुळलेलं कनेक्शन चालूच राहू शकतं. बहुतेक ठिकाणी पहिलाच नियम 'ओळखीच्यांना सोडा' असा असतो, आणि ती ओळखीची नोंद कर्नल वेगळी ठेवतं. ती कॉनट्रॅकने वेगळी पुसावी लागते. पोराने ती पुसली नव्हती. एवढीच त्याची चूक, आणि ती रिपोर्टात नाहीये!

लॉगच्या त्या तीन ओळी, स्क्रिप्टची त्या वेळची फाइल आणि पोराची मेल असं सगळं एकत्र करून काल रात्री साहेबांना पाठवलंय. 'मानवी चूक' हे शब्द काढून टाका, असं सरळ लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. पोराला मात्र सकाळी फोन केला. तो आता कराडला एका दुकानात सीसीटीव्ही बसवतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, म्हणजे मी काढला होता ना?"

काढला होतास बाबा.