खेपेचा हिशेब आणि रमाईचा दाखला



आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या तरुणांचा एक प्रश्न अलीकडे वारंवार कानावर पडतो. बी.ए. झाले, पोलीस भरतीसाठी दोनदा धावून झाले, कंत्राटदाराच्या हाताखाली वर्षभर राबून झाले. आता जड वाहनाचे लायसन्स काढून लाइनच्या गाडीवर जावे का? मग आवाज जरा खाली करून दुसरा प्रश्न येतो. लग्नाला दोन वर्षे झाली, घरात तान्हे मूल आहे, संसाराचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जरूर जावे. वय वीस पूर्ण आणि हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर जुने असले की मार्ग मोकळा होतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनाही दार उघडे आहे. चांगला चालक मिळत नाही ही मालकांची ओरड बारमाही आहे. हातात कसब असलेल्या माणसाने कुणाच्या बांधावर वेठ करण्यापेक्षा स्टेअरिंग धरलेले केव्हाही चांगले.

अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे, कारण समाजातली वडीलधारी मंडळी त्याचे तयार उत्तर देऊन मोकळी होतात. 'रमाईने नाही का सोसले?' या उत्तरालाच आमचा विरोध आहे.

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. परळच्या चाळीत रमाईने घर चालवले, पोटची मुले गमावली, आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. ते एका माणसाने आपल्यावरचे ऋण मान्य करणे होते. पुढच्या पिढीतल्या बायकांनी गप्प बसावे यासाठी काढलेला तो नियम नव्हता. रमाईचे हाल दारिद्र्याने आणि अस्पृश्यतेने केले. त्या हालांची जयंती साजरी करायची आणि तेच हाल घरच्या सुनेच्या वाट्याला आले की त्याला त्याग म्हणायचे, हा कुठला न्याय? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले होते की नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. दाखला द्यायचाच तर हा द्या.

आता धंदा कसा चालतो ते पाहू, कारण घरातल्या भांडणाचे मूळ तिथे आहे. नागपूरहून बंगळुरू साधारण अकराशे किलोमीटर. रस्ता सरळ आहे, गाडी दोन-तीन दिवसांत पोचते. पण पोचली म्हणजे रिकामी होत नाही. कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लागतो, माल उतरायला कधी एक दिवस, कधी तीन दिवस जातात. मग परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या आवारात ताटकळायचे. मिळालेले भाडे नागपूरचे असेलच असे नाही; गाडी चेन्नईला वळते, तिथून कोलकात्याला. चालकाला पैसे मिळतात खेपेवर. म्हणजे गेटबाहेरचे तीन दिवस फुकट. मालकाचे नुकसान चालकाच्या आयुष्यातून वसूल होते आणि घरी विचारले जाते, 'तुम्ही येणार कधी?' त्याला खरेच माहीत नसते. ती समजते, हा टाळतो आहे.

सैन्यातला जवानही वर्षातले बरेच महिने घराबाहेर असतो. पण त्याच्या हाती रजेचा कागद असतो. बायकोला तारीख ठाऊक असते, मुलाला ठाऊक असते. आमच्या मते ट्रकवाल्याचा संसार अंतरामुळे कमी आणि या बेभरवशामुळे जास्त मोडतो. आणि बेभरवसा हा काही निसर्गाचा कोप नाही. तो कोणाच्या तरी फायद्याचा आहे.

कायदा नव्हता असेही नाही. कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले. त्याच वाटेने १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर फार तर दहा आणि ५४. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी, जादा तासांना दुप्पट मजुरी, वर्षाची भरपगारी रजा. सगळे लिहिलेले होते. मेख एवढीच, की पाच किंवा अधिक कामगार असतील तिथेच तो लागू होता, आणि आपल्याकडे बहुतेक ट्रक दोन-चार गाड्यांच्या मालकांकडे आहेत. ही पळवाट बुजवायची सोडून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पाचाचा आकडा दहा केला. नेमणूकपत्र देण्याचे बंधन त्याच संहितेत आहे, ही त्यातली कामाची गोष्ट. पण ते मागणाऱ्या चालकाकडे मालक कसे पाहतो ते विचारू नका. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्याचे स्वागतच आहे. गारव्यात बसून सोळा तास चालवायचे का, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'च्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. देश थांबवण्याची ताकद कोणाच्या हातात आहे ते सर्वांनी पाहिले. सरकारने चर्चेला बोलावले ते ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसला, म्हणजे वाहतूकदारांच्या शिखर संघटनेला. संप चालकांचा, बोलणी मालकांची! कामाच्या तासांचा विषय निघणार कसा? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. गाडीचे चाक बदलले आहे, बाकी फारसे नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आजही नावानंतर आडनाव विचारले जाते, आणि ते कशासाठी हे आपल्याला कळते.

संघटना उभी राहील तेव्हा राहील. तोवर घरात काय करायचे? आमचे म्हणणे असे, की कामावर जाण्याआधीचे बोलणे बायकोला बाजूला ठेवून होऊ नये. कुठली लाइन, खेपेला किती, उचल किती, महिन्यातून घरी किती रात्री, हे तिच्यासमोर ठरवा. पहिले सहा महिने मूल लहान असताना पुणे, रायपूर, हैदराबाद एवढीच लाइन मागा. पैसे थोडे कमी मिळतील. मिळू द्या.

तिने एक वही ठेवावी. गाडीचा नंबर, मालकाचा फोन, निघाल्याची तारीख, बिल्टीचा फोटो, मिळालेली उचल. वस्तीतल्या एका प्रकरणात अपघातानंतर मालकाने सरळ हात वर केले, 'हा माझा माणूसच नाही.' पत्नीच्या वहीतल्या तारखा आणि खात्यावर आलेल्या रकमा जुळल्या म्हणून तो मुद्दा टिकला नाही. चालकाला कामावर असताना अपघात झाला तर कायद्याने मालक भरपाई देणे लागतो आणि गाडीच्या विम्यात ही जबाबदारी धरलेली असते. पण नोकरी सिद्ध करावी लागते. म्हणून मजुरी रोख घेऊ नका, खात्यावर घ्या. खात्याला वारस म्हणून तिचे नाव लावा.

आणि एक गोष्ट नवऱ्यांसाठी. रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून भात, वरण, प्रसंगी मटणही शिजवणारा हा गडी घरी आला की पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही. थकलेला असतो, पहिला दिवस झोपू द्या. दुसऱ्या दिवशी त्याने चूल सांभाळावी आणि तिला माहेरी, बचत गटाच्या बैठकीला किंवा नुसते निजायला मोकळे करावे. पंधरा दिवस तिने एकटीने घर ओढले आहे, तीही एक खेपच होती. झोप उडवण्यासाठी लाइनवर जे काही खाल्ले-प्यायले जाते त्याबद्दल पंचशील घेणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पण सोळा तास चालवायला लावणारा मालक पाचवे शील मोडायला भाग पाडतो, हेही वंदनेच्या वेळी कोणीतरी बोलावे.

ज्या वस्तीत दहा चालक आहेत तिथल्या विहारात महिन्यातून एका रविवारी त्यांच्या घरच्या बायकांची बैठक घ्या. वह्या घेऊन या म्हणावे. कोणत्या मालकाने कोणाला किती दिवस गेटबाहेर फुकट बसवले, हे दहा वह्यांतून एका कागदावर उतरवा आणि तो कागद कामगार आयुक्त कार्यालयात देऊन पोच घ्या.