बांधाची उंची आणि बांधाची राखण

खाजनाचा बांध फुटला की सरकारी यंत्रणा जागी होते, पंचनामा होतो, खिंडार बुजविले जाते आणि पुढल्या उधाणापर्यंत सारे शांत होते. हा क्रम गोमंतकाच्या अंगवळणी पडला आहे. परंतु ज्या समुद्राच्या भरवशावर तो आजवर चालला, तो समुद्रच आता पूर्वीचा राहिलेला नाही.

मागील नोंदींवरून पुढील पुराचा अंदाज बांधावा, या गृहीतावर जलस्थापत्याचे गणित उभे होते. हे गृहीत आता टिकत नाही, असे मिली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात बजावले होते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. आणि 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वर आली आहे.

खाजनाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? बांधातील मानशीचे दार भरतीच्या दाबाने मिटते व ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. समुद्र चढला की पाण्याच्या निचऱ्याचा हा अवधी घटतो आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस आत अधिक पाणी ओततो. अशा स्थितीत केवळ बांध उंचावला, तर शेत बाहेरच्या पाण्यापासून वाचेल आणि आतल्या पाण्यात बुडेल! ते पाणी सामावून घेणारे पोंयीसारखे सखल जलाशय बुजवून तेथे इमले उठविले, तर दोष पावसाला कसा द्यावा?

म्हणून बांधाची उंची, मानशीची रुंदी आणि पोंयीची धारणशक्ती यांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे; आणि तो एकदाच मांडून न थांबता नव्या नोंदींनुसार वेळोवेळी सुधारला पाहिजे. खाजनांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा करावा, तेथे विकासकामे होऊ देऊ नयेत, असे 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने स्पष्ट सांगितले होते.

तथापि उत्तम आराखडाही स्वतः बांधावर पहारा करीत नाही. पूर्वी ती राखण गावकरीची होती. 1964 च्या कूळ कायद्यानंतरच्या व्यवस्थेत ती कूळ संघांकडे आली. मासळीच्या लोभाने भरतीला मानस उघडी ठेवणाऱ्यास हे संघ रोखणार नसतील, लिलावाचा पैसा बांधावर खर्च होणार नसेल, तर काँक्रीटची भिंतही शेत वाचविणार नाही. आमच्या पूर्वजांनी समुद्राला कधी जिंकले नाही. त्याच्याशी रोजचा व्यवहार चोख ठेवला. तो व्यवहार नव्या हिशेबाने पुन्हा सुरू करणे, हेच आजचे कर्तव्य होय.