निवड कोणाची, जबाबदारी कोणाची?

१७ जून १९८६ रोजी न्यू यॉर्कमधील फेल्ट फोरम या सभागृहात अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा वार्षिक 'ड्राफ्ट' पार पडला. महाविद्यालयीन खेळाडूंमधून एकेक नाव पुकारून संघमालकांनी आपापली निवड करावयाची, असा हा सोहळा असतो. त्या दिवशी दुसऱ्याच क्रमांकावर बोस्टनच्या संघाने मेरिलँड विद्यापीठाच्या लेन बायसला निवडले. दोन दिवसांनी, १९ जूनच्या सकाळी, कोकेनच्या सेवनाने बायस मरण पावला. त्याचे वय २२ वर्षांचे होते. तिसऱ्या क्रमांकाचा ख्रिस वॉशबर्न अवघे ७२ सामने खेळला आणि १९८९ मध्ये अमली पदार्थांपायी बहिष्कृत झाला. सहावा विल्यम बेडफर्ड पुढे अशाच प्रकरणांतून तुरुंगात गेला. सातवा रॉय टार्पली १९८८ मध्ये सर्वोत्तम राखीव खेळाडूचा मान मिळवूनही १९९१ मध्ये बंदीस पात्र ठरला. पहिल्या सात निवडींपैकी चार आयुष्यांची ही वाताहत आहे.

या यादीकडे समाजवादी कार्यकर्त्याने का पाहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. याचे कारण असे की ही कहाणी गेली अनेक वर्षे केवळ चारित्र्याच्या दौर्बल्याची कहाणी म्हणून सांगितली जाते. प्रतिभा होती, पैसा आला, पाय घसरला, असे तिचे तात्पर्य काढले जाते. या तरुणांची स्वतःची जबाबदारी आम्ही नाकारीत नाही. तथापि त्यांना निवडणाऱ्यांची जबाबदारी कोणती होती, हा प्रश्न या तात्पर्यात कोठेच येत नाही. तो विचारणे हे आपले काम आहे.

ड्राफ्ट ही प्रथम एक श्रमव्यवस्था आहे. नव्या खेळाडूने ज्या संघाकडून आपले नाव पुकारले जाईल त्याच संघाशी करार करावयाचा. दुसऱ्या मालकाकडे अधिक वेतन मागण्याची त्याला मुभा नाही. दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळावेत, स्पर्धेत समतोल राहावा, हे तिचे समर्थन अगदीच पोकळ नाही. परंतु प्रत्यक्षात काय घडते? १९८६ चे विजेतेपद बोस्टननेच जिंकले होते. तरीही दुसरी निवड त्यांच्याकडे होती, कारण १९८४ मध्ये आपला एक खेळाडू सिअ‍ॅटलच्या संघास देऊन त्यांनी सिअ‍ॅटलचा १९८६ चा निवडीचा हक्क विकत घेऊन ठेवला होता. पहिल्या क्रमांकाचा हक्क फिलाडेल्फियाने ड्राफ्टच्या तोंडावर क्लीव्हलँडला एक खेळाडू आणि रोख रकमेच्या बदल्यात दिला. जो तरुण अद्याप महाविद्यालयात शिकत आहे, त्याच्या भावी श्रमावरील हक्काची अशी खरेदी-विक्री होते आणि त्या व्यवहारात त्याचा स्वतःचा शब्द कोठेच नसतो.

महाविद्यालयेही या दोषातून सुटत नाहीत. त्या काळी विद्यापीठे बास्केटबॉलवर अमाप पैसा मिळवीत. खेळाडूला मात्र 'हौशी' या गोंडस नावाखाली शिष्यवृत्तीपलीकडे काही देणे निषिद्ध होते. त्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात निदान शिक्षण तरी मिळावे? चार वर्षे खेळून बायसची पदवी पुरी झालेली नव्हती. आपल्या प्रतिमेवर व नावावर उत्पन्न मिळविण्याचा हक्क या खेळाडूंना २०२१ मध्ये मिळाला. तोवर कित्येक पिढ्या खेळून गेल्या होत्या.

बायसच्या मृत्यूचे खरे ओझे मात्र ज्यांनी कधी चेंडूही हाती घेतला नव्हता त्यांच्यावर पडले. निवडणुका तोंडावर होत्या. अमेरिकन काँग्रेसने घाईघाईने अमली पदार्थविरोधी कायदा संमत केला आणि २७ ऑक्टोबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. कोकेनची ५०० ग्रॅम भुकटी बाळगणाऱ्या विक्रेत्यास जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच 'क्रॅक' या स्वस्त प्रकाराच्या केवळ ५ ग्रॅमला! बायसने सेवन केली होती ती भुकटी. कायद्याचा कठोर प्रहार झाला तो क्रॅकवर, म्हणजे गरीब काळ्या वस्त्यांवर. क्रॅकच्या गुन्ह्यांत केंद्रीय न्यायालयांतून शिक्षा झालेल्यांपैकी पुढे वर्षानुवर्षे ८० टक्क्यांहून अधिक काळेच होते. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एक इतके कमी करण्यात आले. ते संपूर्ण नाहीसे झाले नाही. एका तरुणाच्या चितेवर राज्यसंस्थेने हजारोंचे तुरुंग उभारले, ही या ड्राफ्टची सर्वांत दारुण परिणती होय.

याच यादीत एक दुसरे नाव आहे. चोविसाव्या क्रमांकावर पोर्टलंडने सोव्हिएत संघराज्यातील लिथुआनियाच्या आर्विदास साबोनिसला निवडले. तो अमेरिकेत खेळू लागला १९९५ मध्ये, वयाच्या तिशीत, दुखापतींनी पाय निकामी होत आल्यानंतर. ऐन उमेदीची वर्षे त्याने कोठे खेळावे हे सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. भांडवलदार मालक आणि नोकरशाही मालक यांच्यात खेळाडूच्या दृष्टीने किती अंतर उरते, हे ज्या साथींना अजून पाहावयाचे असेल त्यांनी साबोनिसकडे पाहावे. मालकी राज्याची झाली म्हणजे श्रमिक आपोआप स्वतंत्र होत नाही, ही लोकशाही समाजवादाची जुनीच शिकवण येथे पुन्हा प्रत्ययास येते.

आणि बाजाराची पारख तरी किती अचूक? सत्ताविसाव्या क्रमांकावर घेतलेला, कधीकाळी विमानतळावर झाडू मारणारा डेनिस रॉडमन पाच विजेतेपदांचा मानकरी झाला. ज्यांना सर्वाधिक किंमत लावली गेली ते मोडून पडले आणि ज्यांना मागे टाकले ते टिकले. किंमत लावणाऱ्यांना माणूस ओळखता येतोच असे नाही.

मग मार्ग कोणता? तो या खेळाडूंच्याच इतिहासात आहे. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये मालकांविरुद्ध दावा दाखल केला. १९७६ च्या तडजोडीने खेळाडूला आयुष्यभर एका मालकाशी जखडून ठेवणारी पद्धत मोडली. १९८३ मध्ये याच संघटनेने मालकांशी अमली पदार्थांबाबत करार केला. त्यात वारंवार अपराध करणाऱ्यास बंदी होती, तशीच जो आपण होऊन पुढे येईल त्याच्यासाठी उपचारांचीही तरतूद होती. कायद्याने दिला तो तुरुंग. संघटनेने शिस्तीबरोबर उपचारही मिळविले. १९८६ मध्येच नवोदितांना व्यावसायिक जीवनाची ओळख करून देणारे शिबिरही संघटनेच्या सहभागाने सुरू झाले. बायसपर्यंत मात्र ते पोहोचू शकले नाही.

आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचे आणि २०१४ पासून कबड्डीपटूंचे लिलाव होत आहेत. आपल्या गावचा पोरगा लाखांत गेला म्हणून आपण गुलाल उधळतो. भारतीय क्रिकेटपटूंची जी मान्यताप्राप्त संघटना २०१९ मध्ये स्थापन झाली, ती निवृत्त खेळाडूंपुरतीच आहे. मैदानावर घाम गाळणाऱ्याच्या वतीने मालकांशी बोलणी करणारे कोणी नाही. गुलाल जरूर उधळावा. पण त्याच सायंकाळी आपल्या कार्यकर्त्यांनी त्या मुलाच्या घरी जाऊन विचारावे: करारात काय लिहिले आहे? गुडघा मोडला तर उपचार कोणी करावयाचे? शिक्षण कोठे थांबले? आणि तुझ्यासारखे इतर खेळाडू एकत्र कधी बसणार आहेत? संघटनेची सुरुवात नेहमी अशाच प्रश्नांनी होत आली आहे.