नाकाखालची सक्ती

कारले आवडत नाही असे पाहुण्याने सांगितले, तर घरची गृहिणी त्याच्या पानात निमूटपणे दुसरी भाजी वाढते. भडक रंग डोळ्यांना सोसवत नाही म्हणणाऱ्याला कापडाचा दुकानदार फिकट तागा काढून दाखवितो. गाण्याच्या बाबतीत तर आवडनिवड असणे हा सुसंस्कृतपणाचाच पुरावा मानला जातो. परंतु दाढीच्या साबणाचा वास आपल्याला सहन होत नाही, असे एखादा गृहस्थ म्हणाला, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. पुरुषाने असल्या गोष्टीत लक्ष घालू नये, घातलेच तर निदान बोलून दाखवू नये, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. या संकेताचा लाभ कोणाला होतो, याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला दिसत नाही.

वास ही बाब क्षुल्लक आहे असे वादासाठी मान्य केले, तरी दाढीच्या वासाची जागा क्षुल्लक नाही. कपड्याला लावलेले अत्तर कपडा बदलला की जाते. उदबत्तीचा वास नकोसा झाला, तर उठून ओसरीवर जाऊन बसता येते. दाढीचा फेस आणि त्यानंतर लावावयाचे आफ्टर शेव्ह यांचे ठाणे मात्र थेट नाकपुड्यांखाली, दोन बोटांच्या अंतरावर असते. त्यापासून माणूस पळून जाणार कोठे? शिवाय वस्तरा केवळ केसच काढतो असे नाही; त्वचेचा वरचा पापुद्राही तो थोडाफार खरवडून नेतो. अशा उघड्या पडलेल्या कातडीवर आपण रोज सकाळी एक अनोळखी मिश्रण चोळतो. विसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत रोज दाढी करणारा माणूस हा विधी १८,००० हून अधिक वेळा पार पाडतो. इतक्या वेळा करावयाच्या गोष्टीत आपल्या नाकाचे मत विचारले जावे, ही अपेक्षा नखरेलपणाची म्हणता येणार नाही.

नाकांनाही मतभेद असतात, आणि ते केवळ लहरीचे नसतात. गंध ओळखणाऱ्या ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उजेडात आणली. त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कामाची असतात आणि कोणत्याही दोन माणसांत ती तंतोतंत सारखी असतात असे नाही. बीटा-आयोनोन नावाचे एक द्रव्य सुगंधी मालात सर्रास वापरले जाते. काहींना त्याचा वास फुलासारखा येतो, तर काहींना तोच आंबूस, व्हिनेगरच्या जवळचा वाटतो. हा भेद मुख्यतः एकाच जनुकातील फरकामुळे पडतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. कस्तुरीची नक्कल करणारी काही कृत्रिम द्रव्ये तर कित्येकांना मुळीच जाणवत नाहीत. तेव्हा एकाच नळीतील क्रीम दोन भावांनी लावले, तरी दोघांनी एकच वास घेतला असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

जन्मजात भेदावर पुढे आठवणींची पुटे चढतात. विंटरग्रीनच्या तेलाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. अमेरिकेत हा वास गोळ्या-मिठाईचा म्हणून लोकांना प्रिय. इंग्लंडमध्ये एका पिढीला तो अंगाला चोळावयाच्या मलमांमधून भेटला, म्हणून अप्रिय. आपल्याकडे तो दुखऱ्या गुडघ्यांचा वास आहे. मेंथॉलचेही तेच. मराठी घरात मेंथॉल म्हणजे सर्दी, कपाळावरचा बाम, छातीला चोळलेले मलम आणि पांघरुणात गुरफटलेले आजारी पोर. हाच वास सकाळी ताजेतवाने वाटावे म्हणून गालांवर फासण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याचे बालपण फारच निरोगी गेले असले पाहिजे.

मेंथॉलविषयी प्रस्तुत लेखकाची तक्रार एवढ्यावर थांबत नाही. मेंथॉलने त्वचा थंड होत नाही. थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना ते थंडी वाजत असल्याचा खोटा निरोप देते. हा निरोप पोचविणारा ग्राही २००२ साली सापडला, आणि त्या शोधाचा वाटा डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापूटियन यांना २०२१ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकात आहे. फसवणूक सुखद वाटत असेल, तर ज्याने त्याने ती करून घ्यावी. ज्यांच्या डोळ्यांना त्या वाफेने पाणी येते, त्यांनी मात्र काय करावे? ‘कूल’, ‘आइस’, ‘फ्रेश’ अशा नावांनी दुकानाची अर्धी फळी व्यापलेली असते आणि या सर्व नावांचा अर्थ बहुधा एकच असतो. त्या फळीवर मेंथॉलविरहित नळी शोधणे हे चिकाटीचे काम आहे.

सलूनमध्ये बसल्यावर येणारा जो वास जगभर ‘पुरुषी’ म्हणून ओळखला जातो, त्याची वंशावळ मोठी मौजेची आहे. पॅरिसच्या ऊबिगाँ या सुगंधगृहाने १८८२ साली ‘फूजेर रॉयाल’ नावाचे अत्तर काढले. फूजेर म्हणजे नेचा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कोणत्याही कड्यावर किंवा वाड्याच्या ओल्या भिंतीवर नेचे उगवलेले आपण पाहतो. त्यांना नाव घेण्याजोगा सुवास नसतो. ज्याला वास नाही त्याच्या वासाचे अत्तर काढण्याची ही युक्ती अजब खरी. लॅव्हेंडर, ओक वृक्षावरचे दगडफूल आणि वाळलेल्या गवताचा गंध देणारे कूमारिन या त्रयीवर तो ‘नेचा’ उभा होता. कूमारिन प्रयोगशाळेत बनविण्याची रीत विल्यम पर्किन यांनी १८६८ साली शोधली होती, म्हणून ते स्वस्तात उपलब्ध झाले. पुढे हीच त्रयी साबणात, क्रीममध्ये आणि आफ्टर शेव्हमध्ये इतकी मुरली, की लॅव्हेंडर म्हणजेच स्वच्छता असे समीकरण युरोपात रूढ झाले. युरोपात ते स्वाभाविकही आहे. तेथे कपड्यांच्या कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी चाल आहे. आपल्या ट्रंकांत डांबराच्या गोळ्या नाही तर वाळ्याच्या जुड्या असत. मला वाळा प्रिय आहे आणि लॅव्हेंडरने माझे डोके जड होते. माझ्या एका स्नेह्याला वाळ्यात ओल आलेल्या भिंतीचा भास होतो. दोघांपैकी कोणीही चुकत नाही.

गेल्या तीन-चार दशकांत समुद्राच्या नावाचा एक नवा उपद्रव सुरू झाला आहे. फायझर या अमेरिकी कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ साली कॅलोन नावाचे द्रव्य हाती लागले. १९९० च्या दशकात पुरुषांच्या अत्तरांत त्याची लाट आली, आणि तेव्हापासून निळ्या वेष्टनातील प्रत्येक वस्तू ‘ॲक्वा’, ‘ओशन’ किंवा ‘मरीन’ झाली. कॅलोनमध्ये समुद्राची आठवण आहे असे म्हणतात. ज्याने वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर पहाट काढली आहे, त्याला समुद्राच्या वासात खारे वारे, ओले दोर, वाळत घातलेले बोंबील आणि होड्यांचे तेल यांचे काय मिश्रण असते हे सांगावयास नको. नळीतल्या समुद्राला मात्र कापून ठेवलेल्या कलिंगडाचा वास येतो. तोही दुपारपर्यंत ठेवलेल्या. ज्यांना तो रुचतो त्यांनी खुशाल लावावा. त्याला समुद्र म्हणू नये, एवढेच कोकणी माणसाचे म्हणणे असणार.

चंदनाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण येथे रुचीचा नव्हे, सचोटीचा प्रश्न येतो. सहाणेवर खोड उगाळण्याचे काम लहानपणी ज्यांनी केले आहे, त्यांच्या नाकाला चंदन शिकवावे लागत नाही. तो वास संथ, काहीसा दुधाळ आणि कोरडा असतो. तो अंगावर धावून येत नाही. पहिल्या महायुद्धात चंदनाचे लाकूड युरोपात पाठविणे अडले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली स्वतःचा तेलाचा कारखाना काढला आणि म्हैसूरच्या चंदनतेलाने जगात नाव मिळविले. चंदनाच्या झाडात तेलयुक्त गाभा तयार व्हावयास वर्षानुवर्षे लागतात. ते झाड दुसऱ्या झाडांच्या मुळांवर अंशतः जगते. त्याची चोरटी तोडही अतोनात झालेली आहे. आज अस्सल तेलाचा भाव किलोमागे लाखांत मोजतात. मग शंभर रुपयांच्या आतबाहेरच्या नळीवर ‘सँडल’ असे लिहून वर खोडाचे चित्र छापलेले असते, त्या नळीत काय असणार, हे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. कृत्रिम द्रव्ये वापरण्यास माझी हरकत नाही. उलट त्यामुळे चंदनाची उरलीसुरली झाडे वाचत असतील, तर ते स्वागतार्ह आहे. परंतु चंदनाचे नाव छापून विकत असाल, तर आत चंदनतेल आहे की त्याची नक्कल, हे त्याच ठसठशीत अक्षरांत सांगावयास काय हरकत आहे?

नळी उलटून घटकांची यादी वाचू पाहावे, तर पुष्कळदा ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एकाच शब्दावर बोळवण केलेली आढळते. या शब्दाच्या पोटात डझनावारी द्रव्ये असू शकतात. त्यांतील काही द्रव्यांनी काहींच्या त्वचेला खाज सुटते, चट्टे येतात. आणि एकदा त्वचेने एखाद्या द्रव्याशी वैर धरले, की ते सहसा जन्मभर सुटत नाही. युरोपीय संघाने २००३ साली निर्देश काढून अशा २६ द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे २००५ पासून सक्तीचे केले. धुऊन टाकावयाच्या मालात ०.०१ टक्क्यांहून आणि त्वचेवर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्यांहून ती अधिक असली, तर नाव द्यावेच लागते. म्हणजे दाढीच्या फेसाला एक माप आणि आफ्टर शेव्हला त्याच्या दहापट कडक माप. या यादीत कूमारिन आहे, लॅव्हेंडरमधले लिनालूल आहे, लवंगेतले यूजेनॉल आहे, गुलाबातले जेरॅनिऑल आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. लिनालूल तर हवेशी संयोग झाल्यावर त्वचेला अधिकच त्रासदायक होते, म्हणजे वर्षभर अर्धवट वापरून ठेवलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची. २०२३ च्या नियमाने युरोपने ही यादी ८० च्या वर नेली. लिलियल हे एके काळी साबणा-क्रीमांत सर्वत्र आढळणारे द्रव्य तर १ मार्च २०२२ पासून तेथे पूर्णतः बंद झाले.

कारखानदारांचे उत्तर ठरलेले असते. ग्राहकाला सुवास हवा असतो, बिनवासाचा माल खपत नाही, असे ते सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. साबणाच्या मूळ चरबीला आणि तेलांना स्वतःचा एक वास असतो, तो सर्वांनाच आवडतो असे नव्हे, आणि सुगंधाने तो झाकला जातो. पण खप नाही हे ठरविले कोणी? फळीवर जे कधी आलेच नाही, ते खपावे कसे? शिवाय ‘अनसेंटेड’ असे लिहिलेल्या मालातही मूळ वास दडपण्यासाठी कधी कधी सुगंधी द्रव्य घातलेले असते. तेव्हा ज्याला खरोखर सुगंधरहित माल हवा आहे, त्याला हा शब्दही दगा देतो.

शेजाऱ्याच्या नाकाचाही विचार करावयास हवा. आपण लावलेला वास आपल्याला थोड्याच वेळात जाणवेनासा होतो. नाकाचा तो स्वभावधर्मच आहे. म्हणून माणूस आणखी लावतो, आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये त्याची शिक्षा दम्याच्या रोग्याला भोगावी लागते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या एका कर्मचारी महिलेने सहकाऱ्याच्या सुगंधाने श्वास घेणे अवघड होते म्हणून दावा लावला; २०१० साली शहर प्रशासनाने १ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कर्मचाऱ्यांना सुगंध टाळण्याची सूचना केली. आपण लगेच कोर्टकचेऱ्यांपर्यंत जावे असे मी म्हणणार नाही. आपल्या समारंभांत अत्तरदाणी फिरविण्याची चाल होती, तेव्हा अत्तर मनगटाच्या मागे लावले जाई आणि ज्याला नको असेल तो हात पुढे करीत नसे. आज अनेक सलूनमध्ये दाढी संपताच न विचारता गालांवर हिरवे-निळे पाणी थापटले जाते. ‘लावू का, साहेब?’ या दोन शब्दांना पैसे पडत नाहीत. तुरटीचा खडा तर प्रत्येक न्हाव्याच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या होता. तो रक्त थांबवितो आणि त्याला वास नसतो.

कारखानदारांकडे मागणे मोठे नाही. सुगंधातील त्रासदायक द्रव्यांची नावे मराठीत, चष्म्याविना वाचता येतील अशा अक्षरांत छापावीत. चंदन, गुलाब, केवडा यांची नावे वापरणाऱ्याने ती वस्तू आत आहे की नाही ते सांगावे. आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपल्या मालात एक तरी खरोखरीचा सुगंधरहित प्रकार त्याच किमतीत ठेवावा. ग्राहक पंचायतींनी हा विषय हाती घेण्याजोगा आहे. दुकानदारही त्यात भर घालू शकतील. रंगाच्या दुकानात छटांचा तक्ता मिळतो, कापडाच्या दुकानात कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहता येतो. दाढीच्या क्रीमची नळी मात्र खोक्यात बंद आणि तोंडाशी सील केलेली असते, आणि सील तोडले की ती परत घेतली जात नाही. गल्ल्याशेजारी प्रत्येक प्रकारची एक उघडी नळी वास घेऊन पाहण्यासाठी ठेवली, तर दुकानदाराला महिन्याकाठी किती तोटा येईल?