डबी उघडा, फॉर्म्युला ऐका

कॉलेजच्या फेस्टमध्ये बँड स्टेजवर येतो, गिटारिस्ट पायाने एक बटण दाबतो आणि इतका वेळ गोड वाजणारी गिटार एकदम गुरगुरायला लागते. ही करामत करणारी पायाखालची डबी म्हणजे डिस्टॉर्शन पेडल. कुठली डबी घ्यावी यावर कट्ट्यावर तासन् तास चर्चा झडते. कुणाला अमक्याचा ‘टोन’ हवा असतो, कुणी जुन्या चिपचे गोडवे गातं. पण डबीचे चार स्क्रू काढून आत काय आहे ते बघणारे फार थोडे. आजचा आग्रह त्या चार स्क्रूंसाठी आहे.

मुळात हा आवाज लोकप्रिय झाला तोच बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिलला १९६० मध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. कन्सोलमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सोलो फाटक्या आवाजात रेकॉर्ड झाला. तो तसाच ठेवला गेला. साउंड इंजिनीअर ग्लेन स्नॉडीने पुढे हाच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बांधलं आणि १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आलं. आवाज का फाटला, हे कुणीतरी शोधलं म्हणून त्या बिघाडाचं वाद्य झालं.

आता एक डबी खरंच उघडू. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीचं ‘डिस्टॉर्शन प्लस’ हे सत्तरच्या दशकातलं पेडल. ओझी ऑस्बोर्नचा गिटारिस्ट रँडी ऱ्होड्स हेच वापरायचा. आत अगदी मोजकेच पार्ट आहेत आणि मधोमध बसलाय ७४१ ऑप-ॲम्प. हो, तोच. १९६८ पासून बाजारात असलेला, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ज्याचं प्रॅक्टिकल तुम्ही ‘उरकलेलं’ असतं तोच!

जर्नलमधला फॉर्म्युला आठवा: गेन म्हणजे एक अधिक आरएफ भागिले आर-वन. या पेडलमध्ये आरएफ आहे १ मेगाओहम आणि आर-वन किमान ४.७ किलोओहम. भागाकार केला की सुमारे २१३ पट येतात. ‘डिस्टॉर्शन’ लिहिलेला नॉब म्हणजे आर-वनला जोडलेला पॉट, बाकी काही नाही. गिटारकडून साधारण १०० मिलिव्होल्ट आले, तर २१३ पटीने २१ व्होल्ट व्हायला हवेत. पण बॅटरी आहे ९ व्होल्टची! मग लाटेचे शेंडे वर-खाली छाटले जातात. गोल लाट चपटी झाली की तिच्यात मूळ सुरापेक्षा वरचे नवे स्वर मिसळतात. आपल्या कानाला ती गुरगुर वाटते.

यापुढची छाटणी करतात दोन डायोड. एकमेकांना उलटे जोडलेले हे डायोड सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसतात. सिग्नल ठरावीक व्होल्टेजच्या वर जायला लागला की ते वाट उघडतात आणि वरचा भाग ग्राउंडला जातो. ‘डिस्टॉर्शन प्लस’मध्ये जर्मेनियमचे डायोड आहेत, ते साधारण ०.३ व्होल्टच्या आसपास वाट देतात. सिलिकॉनचे ०.६ ते ०.७ व्होल्टला, लाल एलईडी त्याच्याही बरीच पुढे. आणि गंमत म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या डीओडी कंपनीचं ‘२५०’ हे पेडल आतून जवळपास हेच सर्किट आहे. ठळक फरक डायोडचा, तिथे ते सिलिकॉनचे आहेत. कट्ट्यावर ज्यांच्यावरून भांडणं होतात, त्या दोन डब्यांमधलं अंतर एवढंच.

म्हणजे मॉडिफिकेशन म्हणून पहिला प्रयोग हाच करता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सिलिकॉनचा ‘१ एन ४१४८’ डायोड अगदी किरकोळ पैशांत मिळतो. दुसरा प्रयोग कपॅसिटरचा. आर-वनच्या वाटेवर ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. नॉब पूर्ण फिरवला की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढतात. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिचा बास इथे मागे पडतो. कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा लावा, ही सीमा साधारण ३४० वर येते आणि आवाज भरदार होतो. पण जाड तारांवर कॉर्ड वाजवून बघा, सगळं गढूळ ऐकू येईल. बास आधीच का कापला होता, ते तेव्हा कळतं. डिझाइन करणारा कंजूस नव्हता, त्याने विचार केला होता.

इथे एक पथ्य पाळा. एका वेळी एकच पार्ट बदला आणि बदलण्याआधी काय होईल ते कागदावर लिहून ठेवा. मग ऐका. ऐकतानाही सावध राहा, कारण मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला वाटतो. सिलिकॉन डायोड उशिरा छाटतात, त्यामुळे आउटपुट वाढतं आणि ‘टोन सुधारला’ असा भास होतो. म्हणून दोन्ही वेळा आवाज सारखा करून घ्या आणि स्विच मित्राच्या हातात द्या. कुठला डायोड चालू आहे ते तुम्हाला माहीत नको. दहापैकी पाच वेळाच ओळखता आलं, तर नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. मग ‘जादुई’ जुन्या पार्टसाठी हजारो रुपये मोजायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

थोडी खबरदारीही हवी. नवं महागडं पेडल पहिल्याच दिवशी उघडू नका. हल्ली आत बारीक सरफेस माउंट पार्ट असतात आणि वॉरंटीही जाते. आधी ब्रेडबोर्डवर सर्किट जुळवा. जर्मेनियम डायोडला सोल्डरिंगची उष्णता सोसत नाही, हात चटकन उचला. बॅटरीवरचं पेडल निर्धोक आहे, पण त्याच उत्साहात व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असू शकतं.

हे सगळं फक्त गिटारवाल्यांसाठी नाही. आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग्ज आणि व्हायवापुरता पाठ केलेला फॉर्म्युला. उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून कुतूहल उरत नाही. पेडलमध्ये तोच फॉर्म्युला कानाने तपासता येतो आणि तिथे कुणाची कॉपी चालत नाही. मग लॅबमध्ये एका ऑसिलोस्कोपवर लाट छाटलेली दिसत असताना शेजारी गिटार वाजवायला काय हरकत आहे? सरांना एकदा विचारून बघा. आणि कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनो, भागाकार तुम्हालाही येतो.

शेवटी एक आठवण. डीओडी २५० इंग्वे माल्मस्टीन वापरायचा, डिस्टॉर्शन प्लस रँडी ऱ्होड्स. दोघांचं वादन ऐका, दोन वेगळी माणसं लगेच ओळखू येतात. एवढा फरक दोन डायोड पाडू शकत नाहीत. सर्किट समजलं की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही समजतं. उरलेलं काम बोटांचं आहे, आणि त्याला रियाजच लागतो.