मागे राहिलेल्या घराची विचारपूस

उमरोळीला लोकल थांबते. उत्तरेकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस पालघर-बोईसरच्या मधले हे छोटे स्टेशन न थांबताच ओलांडतात. जवानांना किंवा ताडपत्रीखाली झाकलेले लष्करी सामान घेऊन जाणारी गाडी या रुळांवर दिसली, की फलाटावरचे हात आपोआप वर जातात. त्यात शाळेची पोरे असतात, पाळी संपवून निघालेले कामगार असतात, पाटी घेऊन बसलेल्या मावश्या असतात. आम्हीही हात वर करतो आणि मनात दुआ मागतो, की अल्लाहने या लेकरांना सुखरूप घरी आणावे.

हल्ली हातांबरोबर मोबाइलही वर येतात, ते मात्र आम्हाला पटत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी सरकारने वृत्तवाहिन्यांना लष्करी हालचालींचे थेट चित्रण करू नका, असे बजावले होते. जे वाहिन्यांना, तेच आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही लागू धरावे. पोरांना हे आईबापांनीच सांगायचे.

त्या वर्षीचा मे महिना आपल्या भागाच्या लक्षात राहील. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला आणि त्याच्या यादीत मुंबई व उरणबरोबर तारापूरचे नाव पहिल्या श्रेणीत होते. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र आहे, कारण वेगळे सांगायला नको. सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावणे आले. जळगाव जिल्ह्यातला एक जवान लग्नानंतर तिसऱ्या दिवशी निघाला आणि नवी नवरी स्टेशनवर निरोप द्यायला आली. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली, बातमी संपली. ती मुलगी स्टेशनवरून घरी परतल्यावर तिचे दिवस कसे गेले, ते कोणी छापत नाही.

आम्हाला अशा वेळी हजरत उमर फारूक (रजि.) आठवतात. रात्री मदिन्याच्या गल्ल्यांतून फिरताना त्यांनी एका बाईचे विरहाचे बोल ऐकले. तिचा नवरा मोहिमेवर गेलेला होता. अमीरुल मोमिनीन थेट आपल्या लेकीकडे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले आणि बापाने लेकीला विचारायला संकोचावे असा प्रश्न त्यांनी विचारला : बाई नवऱ्याविना किती दिवस धीर धरू शकते? काही रिवायतींत उत्तर चार महिन्यांचे आहे, काहींत सहा. त्यानुसार सैनिकाला त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवू नये, असा हुकूम निघाला. असेही सांगतात, की मोहिमेवर गेलेल्यांच्या दारी ते स्वतः जात, बाहेर उभे राहून बाजारातून काय आणायचे ते विचारत आणि आलेली पत्रे पोहोचवत. एवढ्या मोठ्या राज्याचा खलिफा, आणि हातात कोणाच्या तरी घरचा बाजार!

सैनिकाला पाठिंबा म्हणजे काय, हे आम्ही इथून शिकतो. झेंडा जरूर लावावा, पण आपल्या झेंड्याची उंची कोणी मोजत बसले, तर त्याला उत्तर देत बसण्याची गरज नाही. १९६५ मध्ये खेमकरणच्या रणगाड्यांसमोर शहीद झालेल्या परमवीर अब्दुल हमीद यांनी ते उत्तर केव्हाच दिले आहे. कर्नल सोफिया कुरेशी यांच्याविषयी मध्य प्रदेशातला एक मंत्री नको ते बोलला, तेव्हा उच्च न्यायालयानेच गुन्हा नोंदवायला सांगितले. असो.

बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहारची कितीतरी कुटुंबे आहेत. कोणाचा भाऊ फौजेत असतो, कोणाचा दीर. सीमेवर तणाव वाढला की त्या खोलीत टीव्ही बंद होत नाही आणि चूल वेळेवर पेटत नाही. शेजारीण म्हणून आपल्या भगिनींनी अशा वेळी एक डबा नेऊन द्यावा, म्हातारीला दवाखान्यात न्यावे, पोराचा अभ्यास घ्यावा. फोन लागत नसेल तर नुसते सोबत बसावे. युद्ध होऊ नये ही दुआ आणि गेलेला परत यावा ही दुआ, दोन्ही एकाच वेळी मागता येतात. दरवर्षी ७ डिसेंबरला, १९४९ पासून, सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी गोळा होतो. माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांसाठी तो वापरतात. शाळेतून पोराच्या हाती ध्वजाचे चिकटपत्र आले, तर खिशातले सुटे पैसे देऊन मोकळे होऊ नये.

आणखी एक गोष्ट. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतात. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम राहतात, बाकीचे पंचविशीच्या आसपास पेन्शनविना परततात. या मुलांसाठी तारापूर एमआयडीसीत कोणते काम निघेल, याची विचारणा आपल्यातल्या कारखानदारांनी आणि ठेकेदारांनी आतापासूनच करून ठेवावी.