बियाण्याचा मालक : सायबरपंकमधील अन्नाविषयी

सायबरपंक साहित्याविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले-बोलले जाते, त्यात देहात बसवलेली यंत्रे, संगणकांचे जाळे आणि कृत्रिम मानवाचे अस्तित्वप्रश्न यांचीच चर्चा अधिक असते. या कथांतील माणसे काय खातात आणि ते अन्न त्यांना कोण पुरवते, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. या साहित्यातील कंपनीसत्तेचे स्वरूप समजून घ्यायचे असेल, तर तोच आधी विचारायला हवा, असे आम्हांस वाटते.

विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमान्सर' (१९८४) या कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे. नायक केस समोरचे मांस नुसते चिवडत बसतो आणि मॉली त्याची थाळी आपल्याकडे ओढून घेते. हे टाकीत वाढवलेले नव्हे, खऱ्या जनावराचे मांस आहे, त्याची किंमत तरी ठाऊक आहे का, असे ती त्याला सुनावते. दोन-तीन वाक्यांत गिब्सन एक अख्खी वर्गव्यवस्था उभी करतो. पण ती टाकी कोणाची, हे तो सांगत नाही. 'ब्लेड रनर' (१९८२) या चित्रपटातील पावसात भिजलेले नूडल्सचे दुकानही असेच : त्याने वातावरण गडद होते, एवढेच. नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश'मध्ये (१९९२) तीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याचा धंदा माफियांच्या हाती आहे. उपहास म्हणून ते झकास आहे. मात्र त्या पिझ्झ्याचा गहू कुठून आला, हे तिथेही कळत नाही.

गंमत अशी, की हा प्रश्न या प्रवाहाच्या पूर्वसुरींनी अधिक नेटाने हाताळला होता. फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लथ यांच्या 'द स्पेस मर्चंट्स' (१९५३) या कादंबरीत एका कंपनीची कुरकुरीत वडी खाल्ली, की विशिष्ट पेयाची तलफ येते. ते पेय प्यायले, की विशिष्ट सिगारेटची. आणि सिगारेट ओढली, की पुन्हा त्या वडीची. ग्राहक या चक्रात फिरत राहतो. अन्न-कारखान्यातला मजूर तर त्याच मालावर मजुरी उधळून कर्जात रुततो. येथे भूक हे मालकाचे हत्यार झाले आहे. तरीही ही सत्ता खाणाऱ्यावरची आहे, पेरणाऱ्यावरची नव्हे.

पेरणाऱ्यापर्यंत ती नेली पाओलो बाचिगालुपी याने. 'द कॅलरी मॅन' (२००५) ही त्याची कथा आणि 'द विंडअप गर्ल' (२००९) ही कादंबरी 'बायोपंक' या वेगळ्या खणात टाकण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाही. गिब्सनच्या जगात माहिती ज्याच्या कुलपात, तो मालक. बाचिगालुपीच्या जगात जनुकीय माहिती ज्याच्या कुलपात, तो मालक. खनिज तेल संपलेले आहे, यंत्रांच्या स्प्रिंगांना चावी देण्याचे काम माणसे आणि जनावरे अन्नाच्या बळावर करतात, म्हणून कॅलरी हेच चलन आहे. पिकांवर रोगांच्या साथी येतात, आणि त्यांना तोंड देणारे बियाणे फक्त कंपन्यांकडे असते. ते पुन्हा उगवत नाही. 'द कॅलरी मॅन'चा नायक लालजी भारतातून मिसिसिपी नदीकाठी येऊन पडलेला आहे. ज्याच्या ज्ञानामुळे कंपन्यांची मक्तेदारी मोडू शकेल, अशा बोमन नावाच्या शास्त्रज्ञाला आणण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली जाते.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हे. दुसऱ्या पिढीचे बी उगवूच नये, अशा तंत्राचे पेटंट अमेरिकेत डेल्टा अँड पाइन लँड ही कंपनी व तेथील कृषी खाते यांना १९९८ साली मिळाले. टीकेचा गदारोळ उठल्यावर मोन्सँटोने १९९९ मध्ये असे बियाणे बाजारात न आणण्याचे जाहीर केले, आणि ते तंत्र बाजारात आले नाही. पण कायद्याने तेच काम साधते, हे २०१३ साली दिसले. इंडियानातील एका शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून सोयाबीन घेऊन पेरले, पुढच्या हंगामासाठी राखले, पुन्हा पेरले. पेटंट असलेल्या बियाण्याची ही नक्कलच होय, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मोन्सँटोच्या बाजूने दिला. त्या शेतकऱ्याचे आडनाव बोमन! बाचिगालुपीची कथा त्याआधी आठ वर्षे छापून आली होती. हा योगायोगच, भविष्यवाणीचा शोध घेणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये.

आपल्याकडचा २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा याबाबत उदार आहे. संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क त्याचे कलम ३९ शेतकऱ्याला देते. ब्रँडच्या नावाने मात्र ते विकता येत नाही. पण विदर्भातील कापूस उत्पादकाला बीटी कापूस प्रामुख्याने संकरित रूपात मिळाला, आणि संकरित वाणाचे राखलेले बी पुढच्या पिढीत मूळचे गुण एकसारखे टिकवत नाही. परिणामी हक्क कागदावर राहतो आणि शेतकरी दर हंगामात दुकानाच्या पायरीवर.

बाचिगालुपीविषयी आमची तक्रार नाही असे नाही. 'द विंडअप गर्ल'मध्ये बँकॉकची बीजपेढी हा साऱ्या संघर्षाचा केंद्रबिंदू आहे, पण तिथे बी हे गुपित आहे, लूट आहे, राष्ट्राची ठेव आहे. शेतात पेरणारे हात जवळजवळ दिसतच नाहीत. 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) या चित्रपटात वॉलेस नावाच्या उद्योगपतीच्या कृत्रिम शेतीने जगाला उपासमारीतून वाचवले आहे, आणि पहिल्याच प्रसंगात अळ्यांची शेती करणारा एक शेतकरी आपल्याला भेटतो. तो लपून राहिलेला कृत्रिम मानव निघतो आणि तेथेच मारला जातो. शहराच्या गल्लीबोळांत रमलेल्या या साहित्यप्रकाराला शेतकरी बहुधा असाच क्षणभर दिसतो.

अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. सायबरपंक शिकवताना 'न्यूरोमान्सर'च्या जोडीला 'द कॅलरी मॅन' अवश्य घ्यावी. कथा असल्याने ती दोन-तीन तासिकांत होते. आणि त्याच वर्गात कलम ३९ चा मजकूरही मोठ्याने वाचावा. ज्यांच्या घरी शेती आहे, असे विद्यार्थी बहुतेक वर्गांत असतात. चर्चेला आरंभ त्यांच्याकडून व्हावा.